भरतीची तयारी करणाऱ्या मुलाने विश्रांती घ्यावी की सराव चालू ठेवावा?

प्रश्न : शाहूपुरी, सातारा

नमस्कार. माझा धाकटा भाऊ पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीची तयारी करत आहे. एकूण 50 गुणांपैकी 20 गुण 1600 मीटर धावण्याला असल्यामुळे त्याचा सगळा भर धावण्यावर आहे. पहाटे अजिंक्यतारा गडाचा रस्ता पळत चढायचा, पळतच उतरायचा आणि संध्याकाळी पुन्हा मैदानावर फेऱ्या मारायच्या, हा त्याचा क्रम रविवारीही चुकत नाही. अलीकडे मात्र त्याची वेळ सुधारण्याऐवजी बिघडू लागली आहे, झोप नीट लागत नाही, जेवणावरची वासना उडाली आहे आणि उजव्या नडगीवर एका ठरावीक जागी बोट टेकवले तरी तो कळवळतो. त्याच्या अकादमीत सांगतात की, अंग आंबले तर आणखी पळावे, म्हणजे ते मोकळे होते. आई म्हणते, काही दिवस घरी बस. यातले योग्य काय, हे कारणांसह कोणी सांगेल का? नुसते ‘विश्रांती घे’ म्हटलेले तो ऐकत नाही.

उत्तर : फिजिओथेरपिस्ट, कराड

ताई, अंग आंबणे आणि नडगी दुखणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. गड उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात, त्यामुळे त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि साधारण 24 ते 72 तासांच्या दरम्यान दुखणे सर्वांत जास्त जाणवते. हे दुखणे साचलेल्या लॅक्टिक आम्लामुळे होते असा सर्रास समज आहे, परंतु ते आम्ल व्यायाम थांबल्यावर तासाभरात रक्तातून जवळजवळ निघून जाते. हलके चालल्याने आंबलेले अंग मोकळे होते, एवढ्यापुरते अकादमीचे म्हणणे बरोबर आहे. मात्र त्याच अंगाने पुन्हा जोरात पळण्याला ते लागू होत नाही. स्नायूंची डागडुजी आणि त्यांतील ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा भरून निघणे ही कामे पुढच्या काही दिवसांत, पोटभर जेवण आणि पुरेशी झोप मिळाली तरच नीट होतात. दिवसातून दोनदा जोराचा सराव केला, तर त्यांना सवडच मिळत नाही.

नडगीची मला अधिक काळजी वाटते. हाडावर वाढीव भार पडू लागला की त्यातील पेशी आधी जुना भाग काढून टाकतात आणि मग तेथे नवे हाड भरतात. काढण्याचे काम लवकर होते, भरण्याला मात्र काही महिने लागतात. या मधल्या काळात धावणे चालूच राहिले, तर तेथे बारीक तडा जाऊ शकतो. बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखणे हे त्याचे लक्षण असू शकते, म्हणून धावणे आजच थांबवावे आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये असा तडा पुष्कळदा दिसत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

उत्तर : तालमीतील वस्ताद, खटाव तालुका

आमच्या तालमीत मेहनत, खुराक आणि झोप यांचा हिशेब एकत्र मांडतात. पहाटेची मेहनत आणि जेवण झाले की दुपारी पैलवानाला झोपवतात, संध्याकाळचा आखाडा त्यानंतर. मुलगा कितीही दमदार असला, तरी झोप तुटलेली दिसली की मी त्याला त्या दिवशी लढतीला उतरवत नाही, कारण थकलेल्या अंगाने डाव उशिरा लागतो आणि दुखापत लवकर होते.

आपल्याच जिल्ह्यातील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचे उदाहरण भावाला जरूर सांगावे. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये जपानच्या इशीशी झालेल्या दमछाक करणाऱ्या कुस्तीनंतर त्यांना लगेच सोव्हिएत मल्लाशी लढावे लागले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता, पण तो बजावून सांगायला कोणी भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता, असे त्या प्रसंगाबद्दल सांगितले जाते. ती कुस्ती ते हरले आणि कांस्यपदकावर थांबावे लागले. एवढ्या कसाच्या मल्लाला जी विश्रांती हक्काने मिळायला हवी होती, ती आपली पोरे स्वतःहून नाकारतात, याचे मला फार वाईट वाटते.

प्रश्नकर्ती

आपणा दोघांची मनःपूर्वक आभारी आहे. त्याने हे सर्व वाचले आणि डॉक्टरांकडे यायला तयार झाला. त्याची एकच शंका आहे : धावणे थांबवले तर कमावलेला दम जाईल का?

उत्तर : फिजिओथेरपिस्ट, कराड

पहिल्या आठवड्याभरात दम फारसा उतरत नाही. त्यापुढेही थांबावे लागले, तर डॉक्टरांच्या परवानगीने पोहणे किंवा नडगी दुखत नसल्यास सायकल चालवणे यांनी तो बराचसा टिकवता येतो. गोळाफेकीला 15 गुण आहेत, तेव्हा खांदे आणि पाठीचा व्यायाम बसून करता येईल. पुन्हा धावू लागल्यावर त्याने रोज सकाळी अंथरुणातच नाडी मोजून वहीत लिहावी. नेहमीपेक्षा ती सलग काही दिवस वाढलेली दिसली आणि झोपही बिघडली असेल, तर त्या दिवशी गड चढू नये. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी आणि जोराच्या दोन सरावांमध्ये एक हलका दिवस ठेवावा. सुरुवात डांबरी उतारावर न करता मातीच्या सपाट मैदानावर करावी आणि तीही नडगीवर दाबून अजिबात दुखत नसेल व डॉक्टरांनी होकार दिला असेल तरच.