मालिकेचा संदेश आणि प्रेक्षकांनी लावलेला अर्थ: दादीसा आजींना का पटली?

सिंदफणा:

'बालिका वधू' ही हिंदी मालिका 2008 साली सुरू झाली, तेव्हा मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात शाळेवर होते आणि घरमालकांच्या ओसरीत बसून तिचे पुष्कळ भाग पाहिले. निजामाच्या राज्यात राहिलेल्या आपल्या मुलखाला हिंदी परकी नाही, त्यामुळे भाषेची अडचण कोणालाच नव्हती. बालविवाहाविरुद्धची मालिका म्हणूनच तिचा बोलबाला होता. राजस्थानातल्या एका घरात लहानपणीच सून होऊन आलेली आनंदी, तिचा तेवढाच अजाण नवरा जग्या आणि साऱ्या घरावर हुकूम चालवणारी दादीसा, असा तो पसारा.

आनंदीची शाळा दादीसा बंद करते, तो भाग एका संध्याकाळी लागला होता. मला वाटले, आता ओसरीतल्या बायका हळहळतील. घरमालकांच्या आई सुपात ज्वारी घेऊन खडे वेचत बसल्या होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "धाक हाय म्हणून घर उभं हाय. नसता कवाच इस्कटलं असतं." शेजारच्या दोघींनी माना डोलावल्या. आठवीतली नात उंबऱ्यावर बसून पाहत होती, ती काही बोलली नाही. शेवटी पडद्यावर बालविवाहाविरोधी दोन ओळी आल्या, तोवर आजी ताटे वाढायला उठल्या होत्या. भारनियमन असले की तेवढेही दिसत नसे. पुढच्या वर्षी त्या नातीचे लग्न झाले.

माझे म्हणणे असे की, आजींनी तो अर्थ हवेतून आणला नव्हता. भारदस्त संवाद दादीसाला, तिच्या येण्याला संगीत, तिच्या चेहऱ्यावर खिळलेला कॅमेरा, आणि आनंदीच्या वाट्याला सोसणे व रडणे. रोज वीस मिनिटे जिचा दरारा दाखवायचा, तिच्याविरुद्ध अखेरीस दोन ओळी लिहायच्या, तर पाहणारा दराऱ्याकडेच झुकणार. संदेश उलटा पोचला तर त्याची पहिली जबाबदारी मालिका रचणाऱ्यांवर येते, असे मला वाटते. आपली मते वाचायला आवडतील.

तेरणा:

सिंदफणाताई, 'उलटा अर्थ' हा शब्दच मला मान्य नाही. शिकलेल्या माणसाला लागला तो अर्थ सुलटा आणि ओसरीतल्या बाईला लागला तो उलटा, हे ठरवले कोणी? आजींना मालिका नीट कळली होती. दादीसा वाईट वागते हे त्यांना दिसत नव्हते असे नाही. पण घर चालवणाऱ्या बाईला वाईट वागावे लागते, हा त्यांच्या आयुष्याचा अनुभव होता आणि तो त्यांनी बोलून दाखवला.

दुसरे असे की, ही मालिका साऱ्या महाराष्ट्रात दिसत होती. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, 20 ते 24 वयोगटातल्या स्त्रियांपैकी अठरा वर्षांच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात सुमारे 22 टक्के, परभणी जिल्ह्यात 48 टक्के आणि बीडमध्ये 43 टक्क्यांहून अधिक आढळले. एकच मालिका पाहणाऱ्या जिल्ह्यांमध्ये एवढा फरक कशाने पडतो? ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात आणि मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, कोयत्यामागे मिळते. पोराचे लग्न झाले की घरात एक कोयता वाढतो. दिवाळीच्या सुमारास कर्ती माणसे कारखान्यावर गेली की वयात आलेल्या मुलीला गावी कोणाच्या भरवशावर ठेवायचे, हा प्रश्न उरतो. दादीसाचा कॅमेरा कितीही बदलला तरी हे गणित बदलत नाही.

मन्याड:

तेरणा यांचे आर्थिक विवेचन बरोबर आहे, पण त्यावरून अर्थाचा घोळ होतच नाही, असे सिद्ध होत नाही. असा घोळ अभ्यासकांनी नोंदवून ठेवलेला आहे. अमेरिकेत 1971 पासून 'ऑल इन द फॅमिली' ही विनोदी मालिका चालली. तिच्यातला आर्ची बंकर हा वर्णद्वेषी गृहस्थ हास्यास्पद ठरावा म्हणून रंगवलेला होता. व्हिडमार आणि रोकीच या मानसशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, ज्यांच्या मनात आधीच पूर्वग्रह होते, त्या प्रेक्षकांना आर्चीच आपल्या बाजूने बोलतो आहे असे वाटत होते. टीका आर्चीवर आहे, हे त्यांच्या गावीही नव्हते.

आपल्याकडे दूरदर्शनवर 1984-85 मध्ये 'हम लोग' झाली. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी कौटुंबिक मालिकांतून कुटुंबनियोजन आणि साक्षरतेचा प्रचार केला होता, त्या धर्तीवर ती आखलेली होती. सुरुवातीच्या भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश इतका उघड होता की लोक कंटाळले आणि तेरा भागांनंतर तो सौम्य करावा लागला. भागाच्या शेवटी अशोक कुमार स्वतः येऊन प्रसंगाचा अर्थ उलगडत. तरीही सारे निमूटपणे सोसणारी भागवंती, जी स्त्रीने असे राहू नये याचे उदाहरण म्हणून लिहिली होती, ती अनेक प्रेक्षकांना आदर्श गृहिणी वाटली. अशोक कुमारांसारखा माणूस समोर बसून सांगत असताना असे घडले, तर 'बालिका वधू'च्या दोन ओळींचा काय पाड लागणार?

माध्यमांचे अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी 1973 मध्ये मांडले होते की, पाहणारा सांगितलेला अर्थ तसाच स्वीकारतो, किंवा त्याला आपल्या परिस्थितीची मुरड घालतो, किंवा तो साफ नाकारतो. मला मात्र ओसरीतल्या आजी या तिन्हींत बसताना दिसत नाहीत. त्यांनी संदेश नाकारला नाही. आपल्याला जे कळले तेच मालिका सांगते आहे, असे त्या धरून चालल्या होत्या. नाकारणाऱ्याशी वाद घालता येतो. इथे वाद आहे याचाच पत्ता नसतो, म्हणून मला हा प्रकार अधिक गंभीर वाटतो.

मांजरा:

एवढी चर्चा कशासाठी? जी मालिका गैरसमज पसरवते ती बंद करावी. 2009 मध्ये संसदेतसुद्धा या मालिकेवर आक्षेप घेतला गेला होता.

पूर्णा:

मांजरा, तो आक्षेप काय होता ते लक्षात घ्या. बालविवाहाला विरोध करणारी मालिका बालविवाहाला प्रोत्साहन देते, असे संसदेतल्या सदस्यांना वाटले. म्हणजे अर्थाचा घोळ ओसरीतच होतो असे नाही, सभागृहातही होतो. आपल्याला खटकणारा अर्थ कोणाला तरी लागतो म्हणून गोष्टच बंद करायची ठरवली, तर उरणार काय?

मूळ विषयात मी तेरणांच्या बाजूने आहे, पण माझे कारण वेगळे आहे. पैठणच्या नाथांचे 'रोडगा वाहीन तुला' हे भारूड घ्या. त्यातली बाई सासऱ्याला, सासूला, नणंदेला दूर कर म्हणून भवानीला नवस बोलते आणि अखेर मला एकटीला राहू दे म्हणते. ऐकणारी सासुरवाशीण खळखळून हसते, कारण तिला तिचीच सासू दिसते. ज्याला परमार्थाची ओढ आहे त्याला संसाराच्या पाशांतून सुटण्याची आळवणी ऐकू येते. नाथांनी हे दोन्ही अर्थ जाणून ठेवले होते. वरच्या अर्थावर थांबलेल्या बाईला तुला भारूड कळलेच नाही असे म्हणण्याची हिंमत मला होत नाही. तिच्या हसण्यातही एक सुटका आहे. 'रात्रीस खेळ चाले'मधल्या अण्णा नाईकांचेच पाहा. क्रूर, बाहेरख्याली, खुनी माणूस. पण आमच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनात मुले हौसेने अण्णा नाईक झाली. त्यांतल्या एकालाही तसे जगायचे नव्हते. पात्र आवडणे आणि पात्राचे वागणे पटणे यांत अंतर असते.

मन्याड:

पूर्णा, भारुडाचा दाखला उत्तम आहे, पण तो माझ्या बाजूने साक्ष देतो. सोंग आणणारा लोकांच्या समोर उभा असतो. लोक नुसतेच हसले तर तो थांबतो, एखादी ओळ पुन्हा घेतो, विंचू म्हणजे कामक्रोध हे फोड करून सांगतो, आणि गावागणिक बोलणे बदलतो. मालिकेला ओसरी दिसत नाही. तिला दिसतो तो टीआरपी, आणि त्यातून टीव्ही चालू होता एवढेच कळते. सुपातले खडे वेचता वेचता कोण काय म्हणाले, ते त्यात येत नाही.

तेरणा:

हे मान्य. तरीही सिंदफणाताईंना एक विचारावेसे वाटते. दादीसा तिथे ओसरीत असती तर आजी तिच्याशी काय बोलल्या असत्या, हा प्रश्न कॅमेऱ्याचा नाही. त्या संध्याकाळी त्या घरातली कर्ती माणसे कुठे होती?

सिंदफणा:

तेरणा, आपल्या प्रश्नाने मी दोन दिवस अस्वस्थ आहे, कारण उत्तर मला तेव्हाही माहीत होते आणि धागा लिहिताना ते मला महत्त्वाचे वाटले नाही. ते दिवस हिवाळ्याचे होते. घरमालक, त्यांची बायको आणि थोरला मुलगा-सून कारखान्यावर गेले होते. तीन एकर कोरडवाहू रान, दोन शेरडे आणि तीन नातवंडे एवढे सगळे एकट्या आजींवर सोडलेले होते. रात्री दाराला आतून कडी लावून वर पाटा सरकवून ठेवत, ते मी रोज पाहत होते. "धाक हाय म्हणून घर उभं हाय" हे त्या दादीसाबद्दल कमी आणि स्वतःबद्दल जास्त बोलल्या असाव्यात. त्यांना मालिका कळली नाही असे मी समजले. त्या काय म्हणाल्या ते मलाच कळले नव्हते.

एवढे मान्य करूनही मालिका रचणाऱ्यांना मी मोकळे सोडणार नाही. पुढे आनंदी सरपंच झाली, हे खरे. पण तिथपर्यंत पोचायला काही वर्षे गेली आणि ज्या मुलीसाठी ते दाखवायचे होते तिला तेवढी वर्षे नव्हती. शाळा सुटल्यावर पोर घरी एकटी राहू नये म्हणून काय करता येते, वसतिगृह कुठे असते, अर्ज कोणाकडे करायचा, यातले काही जरी आनंदीच्या गोष्टीत आले असते, तरी आजींच्या हाती दादीसाखेरीज दुसरे काही लागले असते.

ती नात चार वर्षांपूर्वी मला माजलगावच्या बसस्थानकावर भेटली. तिची मुलगी पाचवीत होती. बोलता बोलता त्या मालिकेचा विषय निघाला, तेव्हा ती म्हणाली, "बाई, मला आनंदीच्या दप्तराचं लई वाईट वाटायचं. पण आजी आधी बोलायची, मग मी गप बसायचे." गाडी लागली होती. तिने मुलीचे दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतले आणि चढली.