मदत हवी आहे: एक कोअर नापास, रिपोर्टवर सही करू का?

तळमजल्यावरच्या एका कॉलमचे 28 दिवसांचे क्यूब (साच्यात ओतलेले काँक्रीटचे चाचणी-ठोकळे) ताकदीला कमी आले, म्हणून कॉलममधूनच तीन कोअर (कापून काढलेले दंडगोल नमुने) काढले. डिझाइनला 25 मेगापास्कल ताकद धरलीय, आले 22.5, 23 आणि 18.5. सरासरी डिझाइनच्या 85 टक्क्यांच्या (सरासरीची किमान मर्यादा) जेमतेम वर, पण तिसरा 75 टक्क्यांच्या (एकेका कोअरची मर्यादा) खाली, म्हणजे नापासच. (त्यात करंगळी जाईल एवढ्या पोकळ्या दिसताहेत.)

सर म्हणतात, ‘शेजारी अजून एक काढ, हा सोडून दे. फॅक्टर ऑफ सेफ्टी कशाला असतो?’ ती राखीव ताकद असल्या चुका पोटात घालायला तर नक्कीच नाही!

स्लॅबसारखी लोड टेस्ट (वजन ठेवून तपासणी) कॉलमवर जमत नाही. आधी अल्ट्रासॉनिक टेस्टने खराब भाग शोधू, की थेट जॅकेटिंग (कॉलमभोवती मजबुतीचं नवं आवरण) सुचवू? तोवर वरचा स्लॅब ओतू नका, असं लेखी देऊ ना? सही माझी आहे.