बोलेस्लाव्हस्की नुसते सहाय्यक नव्हते

बुद्धिबळाच्या एका चर्चेत सोव्हिएत ग्रँडमास्टर आयझॅक बोलेस्लाव्हस्कींचा उल्लेख फक्त 'जगज्जेत्या पेट्रोस्यानचे सहाय्यक' असा आलाय, तो मला फार खटकला. 1950 च्या बुडापेस्ट कँडिडेट्समध्ये (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत) ते जवळजवळ शेवटपर्यंत आघाडीवर होते. अखेरच्या फेरीत सोव्हिएत ग्रँडमास्टर ब्रॉनस्टाइनने त्यांना गाठलं, मग दोघांत सामना झाला आणि तोही 14 व्या डावापर्यंत ताणला गेला. ब्रॉनस्टाइन साडेसात, बोलेस्लाव्हस्की साडेसहा. जगज्जेतेपदाची लढत एवढ्या थोडक्यात हुकली!

पण मला ते जास्त मोठे वाटतात ते ओपनिंगमधल्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींवरच्या, कामामुळे. सिसिलियन बचावात (पांढऱ्याच्या ई4 ला काळ्याचं सी5 हे उत्तर) पांढऱ्याने सहाव्या चालीला उंट ई2 वर आणला की काळ्याने सरळ प्यादं ई5 ला ढकलायचं. डी5 चं घर कायमचं हातचं जातं, डी6 चं प्यादं मागे अडकतं. तेव्हाच्या पुस्तकी हिशोबाने ही चूकच. त्यांनी दाखवलं की बदल्यात डी4 वरचा घोडा हुसकला जातो, मोहरी झपाट्याने बाहेर पडतात आणि पांढऱ्याला त्या कमकुवतपणाचा फायदा उठवणं सोपं जात नाही. किंग्ज इंडियन या काळ्याच्या आणखी एका बचावालाही ब्रॉनस्टाइन आणि कॉन्स्टँटिनोपोल्स्की यांच्यासोबत त्यांनीच प्रतिष्ठा मिळवून दिली. आज नायडॉर्फ या सिसिलियनच्याच प्रकारात ई5 बिनधास्त खेळलं जातं, त्यामागेही हाच विचार आहे.