भाकरीवाल्यांनाही अटॅक येतो
बरेच जण म्हणतात की हार्टअटॅक हे शहरातल्या लोकांचं दुखणं, गावाकडचा माणूस भाकरी खातो, रानात राबतो, त्याला काही होत नाही. अर्धंच पटलं. बीपी, शुगर, वजन ही भानगड शहरात जास्त हे खरंय, पण २०१४ मध्ये आलेल्या 'प्युअर' नावाच्या हृदयरोगावरच्या मोठ्या अभ्यासात (१७ देश, त्यात भारत पण) उलटंच दिसलं, हार्ट-लकव्याचे झटके वर्षाला हजारामागं शहरात ४.८३ तर गावात ६.२५, आणि झटका आल्यावर दगावणारे शहरात साडेतेरा टक्के तर गावात १७ च्या पुढं.

का ते आमच्या घरात बघितलंय. आमचे चुलते, बीड जिल्ह्यातलं खेडं, अंगानं काटक, बीपी जन्मात मोजलेलं नाही. रात्रीच्या लाईटीवर मोटर चालू करायला गेले आन् छातीत भरून आलं, घामानं बंडी भिजली. घरच्यांनी पित्त म्हणून लिंबू-सोडा दिला, सकाळी गावातल्या डॉक्टरनं ॲसिडिटीचं इंजेक्शन ठोकलं, ईसीजी निघाला दुपारी, तालुक्याला. तोवर बरेच तास गेलेले, ब्लॉकेज काढून सगळ्यात जास्त उपयोग व्हायचा तो वेळ निघून गेला. वाचले, पण हार्टचं पंपिंग तीस टक्क्यांवर आलंय. दवाखान्यात कपडे बदलताना बंडीच्या खिशातून तंबाखूची पुडी आन् चुन्याची डबी निघाली, तिचं नाव कुणी घेत नाही, सगळे भाकरीचं कौतुक करतात. आन् भाकरी तरी राहिली कुठं, शिवारात सगळं सोयाबीन, करडईच्या तेलाच्या जागी पाकिटातलं पामतेल, ज्वारी पेरतात ती कडब्यापुरती.