मदत हवी आहे: कायकोरा (न्यूझीलंड) – आईला बोट लागते, देवमासे कसे दाखवावेत?

नमस्कार मंडळी,

मार्चअखेर क्राइस्टचर्चहून गाडीने पिक्टनला आणि पुढे फेरीबोटीने वेलिंग्टनला जायचं ठरलंय. वाटेत कायकोराला दोन रात्री मुक्काम आहे. सोबत सत्तरी ओलांडलेली आई आणि नऊ वर्षांची लेक.

अडचण आईची आहे. तिला बोट लागते, घाटात गाडीसुद्धा लागते. आणि देवमासा बघायची सगळ्यात जास्त हौस तिलाच आहे. तिला हॉटेलवर बसवून आम्ही दोघींनी जायचं हे मला अजिबात पटत नाही.

तिथे स्पर्म व्हेल जातीचे देवमासे वर्षभर असतात, कारण किनाऱ्याच्या अगदी जवळच समुद्राचा तळ हजार मीटरहून खोल दरीत उतरतो आणि तिथे त्यांना भरपूर खाणं मिळतं. देवमासा पाऊण-एक तास खाली राहतो, मग वर येऊन दहाएक मिनिटं श्वास घेतो आणि शेपूट उंच करून पुन्हा बुडी मारतो. म्हणजे बोट बराच वेळ एका जागी थांबणार. थांबलेली बोट जास्त डोलते, याचीच मला धास्ती आहे. छोट्या विमानातूनही देवमासे दाखवतात, पण तेही घिरट्या घालणार. आईसाठी दोन्हींतलं काय बरं?

दुसरा प्रश्न शिकारीच्या इतिहासाचा. १८४० च्या दशकात रॉबर्ट फायफने तिथे किनाऱ्यावरून शिकारीचा तळ चालवला. त्या काळातलं फायफ हाउस अजून उभं आहे आणि त्याच्या पायात देवमाशांचे मणके बसवलेले आहेत. तेव्हा मारले गेले ते मुख्यतः राइट व्हेल. संथ पोहणारे, मेल्यावर तरंगणारे, आणि पिलांसाठी किनाऱ्यालगत येणारे. वल्ह्यांच्या होड्यांनी आई-पिलांना गाठायचं, असा तो धंदा, म्हणून थोड्याच वर्षांत सगळं संपलं. हे वाचल्यापासून डोक्यातून जात नाही. लेकीला शेपटीचे फोटो दाखवून परत आणायचं नाहीये, त्या किनाऱ्यावर काय घडलं तेही तिला कळायला हवं. १९८७ मध्ये तिथल्या न्गाती कुरी या माओरी समूहाने राहती घरं गहाण टाकून देवमासे दाखवायचा व्यवसाय उभा केला, हेही तिला सांगायचंय. फायफ हाउसखेरीज आणखी काय बघता येईल?

तिसरं, आईचे गुडघे दुखतात. फार न चालता सील बघता येतील का? ओहाऊच्या धबधब्याखाली सीलची पिल्लं खेळतात असा व्हिडिओ लेकीने पाहिलाय, तेव्हापासून ती मागे लागली आहे.

जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावं. आगाऊ आभार.

प्रतिसाद

आईंना बोटीवर न्या, पण दिवस निवडून. पहिल्याच सकाळचं बुकिंग करा, म्हणजे समुद्र खवळलेला असला तर दुसरी सकाळ हाताशी राहते. तिकीट खिडकीवर त्या दिवशी समुद्र कसा आहे ते आधी सांगतात. बोट लागण्याचा इशारा असेल तर त्या दिवशी आईंना नेऊच नका. गोळी बोटीवर चढण्याच्या बरंच आधी घ्यावी लागते, मळमळ सुरू झाल्यावर उपयोग नाही. या वयात इतर औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. बसायला मधली किंवा मागची जागा घ्या, नजर क्षितिजावर ठेवा. मोबाइलच्या पडद्यात बघत शूटिंग केलं की हमखास लागते.

विमानाचा फायदा म्हणजे आख्खा देवमासा दिसतो, बोटीवरून पाठ, फवारा आणि बुडी मारताना शेपूट एवढंच. पण देवमासा सापडला की विमान एका पंखावर कलून गोल गोल फिरतं. घाटात गाडी लागते म्हणताय, तर मी विमान टाळेन.

सीलसाठी पॉइंट कीनचा वाहनतळ गाठा. गाडीतून उतरलं की समोरच्या खडकांवर सील पसरलेले असतात. वीस मीटर अंतर ठेवा, आणि सील व समुद्र यांच्या मध्ये कधीही उभं राहू नका. त्याला पळायची वाट पाण्याकडेच असते, ती अडली की तो चावू शकतो. ओहाऊच्या धबधब्याचं मात्र लेकीला आत्ताच सांगून ठेवा. नोव्हेंबर २०१६ च्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपात दरड कोसळून ते कुंड गेलं. तिथे महामार्गालगत थांबून खालच्या खडकांवरचे सील मात्र दिसतात.

प्रतिसाद

इतिहासासाठी तुमची फेरीबोटच कामाची आहे. ती टोरी चॅनेल या अरुंद समुद्रमार्गातून जाते. पिक्टनहून निघताना डाव्या हाताला अरापावा बेट लागतं, तिथे पेरानो कुटुंबाचा शिकारीचा तळ होता. ते हंपबॅक जातीचे देवमासे मारायचे. शेवटी शेवटी हंपबॅक मिळेनासे झाले तेव्हा कायकोराच्या समुद्रातले स्पर्म व्हेलही मारले. डिसेंबर १९६४ मध्ये तो बंद झाला आणि न्यूझीलंडमधली शिकार तिथेच थांबली. कायकोरा ते टोरी चॅनेल असा क्रम तुम्हाला आपोआप मिळतोय, लेकीला सलग गोष्ट सांगता येईल.

आणखी एक. मार्चअखेर हटन्स शिअरवॉटर या पक्ष्याची पिल्लं डोंगरातल्या घरट्यांतून पहिल्यांदा समुद्राकडे झेपावतात. कायकोराच्या परिसराखेरीज जगात हे पक्षी कुठेच घरटी करत नाहीत. रात्री गावातल्या दिव्यांनी फसून ही पिल्लं रस्त्यावर उतरतात आणि सपाट जमिनीवरून त्यांना उडता येत नाही. रात्री गाडी अगदी सावकाश चालवा. पिल्लू दिसलं तर हवेत उडवायचा प्रयत्न करू नका, खोक्यात ठेवून स्थानिकांना कळवा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! बोट पहिल्या सकाळी, विमान रद्द. धबधब्याचं लेकीला सांगितलं, थोडी हिरमुसली, पण शिअरवॉटरचं ऐकून आता गाडीत रिकामं खोकं ठेवायचं म्हणतेय. आता फक्त फेरीचं विचारते: टोरी चॅनेल शांत असतं असं वाचलं, पण पुढे कुक सामुद्रधुनीत आईला कितपत त्रास होईल? तिने डेकवर उभं राहावं की आत बसावं?