शाळेइतकंच घर महत्त्वाचं

पुतणीला स्पॅनिश शिकायला माद्रिदला पाठवू की आणखी कुठे, असं चोपड्याच्या दादांनी विचारलंय. माझं मत ग्वाटेमालातल्या अँटिग्वाला. तिथे एका विद्यार्थ्यामागे एक शिक्षक देणाऱ्या बऱ्याच शाळा आहेत आणि राहण्याची सोय स्थानिक कुटुंबात होते. चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याच्या तोर्तिया थापताना गप्पा रंगतात, आपल्याकडे कळण्याची भाकरी थापताना रंगतात तशाच. जीभ तिथेच सुटते! म्हणून पोरीला स्वयंपाकघरात बसू द्या. जमलं तर ईस्टरआधीच्या आठवड्यात पाठवा. रंगवलेल्या लाकडी भुशाचे गालिचे रस्त्यावर घालतात, मिरवणूक त्यांवरूनच जाते. गर्दी प्रचंड असते, खोली आधीच ठरवा. आणि रोज घरी मराठीत फोन नको, हे मी आग्रहाने सांगते.