मदत हवी आहे : घाटात डिझेल गाडीचा जोर एकाएकी जातो, कोड पी०२९९

पलासियावाला (धागाकर्ता)
नमस्कार. धामणोद सोडून मानपूरकडे येताना गणेश घाटाच्या चढावर गाडीचा जोर एकाएकी जातो, इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि त्यानंतर ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी फेऱ्यांचा काटा अडीच हजारांपुढे सरकत नाही. गाडी कडेला घेऊन किल्ली बंद केली आणि पुन्हा सुरू केली की काही घडलेच नाही अशा थाटात ती पळू लागते. इंदुरात कितीही फिरलो तरी त्रास नाही. एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, पी०२९९ हा कोड आला आणि टर्बो बदलावा लागेल असे सांगण्यात आले. पुढच्या आठवड्यात लग्नासाठी नाशिकला जायचे आहे. टर्बो बदलावा की नाही, एवढेच कृपया सांगावे.

माळवी_मिस्त्री
गाडी कोणत्या सालची, इंजिन कोणते, किती किलोमीटर चालले आहे, यांपैकी आपण काहीच लिहिलेले नाही. जोर जातो तेव्हा मागून काळा धूर निघतो का? हवा सुटल्यासारखा आवाज येतो का? पी०२९९ सोबत दुसरा एखादा कोड होता का? या कोडचा अर्थ एवढाच की ईसीयूने (इंजिनाच्या संगणकाने) जेवढा बूस्ट, म्हणजे टर्बोने इंजिनात भरलेल्या हवेचा दाब, मागितला तेवढा मिळाला नाही. तो का मिळाला नाही, हे कोड सांगत नाही. टर्बो बिघडला असे तर तो मुळीच म्हणत नाही.

घाटवेडा
ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) काजळीने अडकला असणार. माझ्या गाडीत मी पत्र्याची चकती टाकून तो कायमचा बंद केला आणि गाडी नव्यासारखी झाली. बाकी कशातही पैसे घालू नयेत.

पलासियावाला
जुनी डिझेल गाडी म्हटल्यावर आणखी काय सांगायचे ते मला समजले नाही, तरी लिहितो. २००९ ची हॅचबॅक आहे, १२४८ सीसीचे कॉमन रेल इंजिन, ७५ अश्वशक्तीचे. दीड लाख किलोमीटरच्या आसपास चालली आहे. मागच्या गाडीत माझा मावसभाऊ होता, त्याने काळा धूर पाहिला. दुसरा कोड नव्हता. आता टर्बोचे सांगावे.

सुदामानगरी
व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या तपासाव्यात. त्या उष्णतेने तडकतात, मग टर्बोच्या आतली पाती हलत नाहीत आणि नेमका हाच कोड येतो. सोलेनॉइडही (त्या नळ्यांतला व्हॅक्यूम सोडणारी विजेची झडप) बदलून घ्यावा.

माळवी_मिस्त्री
सुदामानगरी, आपले म्हणणे पाती हलणाऱ्या टर्बोबाबत, म्हणजे याच इंजिनाच्या ९० अश्वशक्तीच्या प्रकाराबाबत खरे आहे. ७५ च्या प्रकारात तशी हलणारी पाती नसतात आणि वेस्टगेट (जादा धूर टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) बूस्टच्याच दाबाने उघडतो, त्यामुळे तो सोलेनॉइड शोधूनही सापडायचा नाही.

घाटवेडा, अडकलेला ईजीआर हेही कारण असू शकते हे मान्य, परंतु चकती टाकल्यावर अनेक गाड्यांत ईजीआरचा प्रवाह कमी असल्याचा वेगळा कोड येतो आणि नायट्रोजन ऑक्साइड वाढतात ते निराळेच. काढून साफ करणे हा खरा उपाय आहे.

घाटवेडा
माझ्या गाडीत कोणताही कोड आला नाही.

प्रवासी_इंदूर
दहा वर्षांवरील डिझेल गाडीला बंदी आहे असे वाचले होते. दुरुस्तीपेक्षा ती विकणे बरे नव्हे का?

रामबागेतील_वाचक
तो नियम दिल्ली आणि भोवतालच्या राजधानी क्षेत्राचा आहे. इंदुरात पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करून गाडी चालवता येते. धागाकर्त्यांनी विक्रीचे विचारलेले नाही.

पलासियावाला
कोड वाचायचा ब्लूटूथचा स्वस्त ॲडॉप्टर आणला आहे, पण तो जोडलाच जात नाही. तोही खराब निघाला काय?

रामबागेतील_वाचक
ॲडॉप्टर बहुधा ठीक असावा. आपल्याकडे ओबीडीचा (गाडीने स्वतःचे बिघाड नोंदवण्याच्या प्रणालीचा) पहिला टप्पा एप्रिल २०१० मध्ये आणि दुसरा एप्रिल २०१३ मध्ये आला. त्याआधीच्या बऱ्याच गाड्या कंपनीच्या स्वतःच्या भाषेत बोलतात आणि असले ॲडॉप्टर तिथे मुके होतात. ज्या स्कॅनरने कोड वाचला त्यावरच चालू आकडे पाहावेत. प्रथम किल्ली चालू परंतु इंजिन बंद ठेवून मॅप सेन्सरचा (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा) आकडा पाहावा. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच असल्याने तो ९५ किलोपास्कलच्या जवळ हवा. फारच वेगळा दिसला तर काजळी बसलेला सेन्सरच खोटे बोलत आहे. तो ठीक असेल तर तिसऱ्या गियरमध्ये चढावर मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट शेजारी शेजारी पाहावेत, आणि सोबत रेल प्रेशरही (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब).

माळवी_मिस्त्री
त्याच्याही आधी हवेचे पाइप. काळा धूर निघतो याचा अर्थ मॅफ सेन्सरने (आत येणारी हवा किती ते पाहणाऱ्या) मोजलेली हवा इंजिनापर्यंत पोहोचण्याआधीच वाटेत कुठेतरी सुटत असावी, आणि ईसीयू मात्र ती पोहोचली असे धरून डिझेल देत राहतो. शहरात पूर्ण बूस्ट क्वचितच लागतो, म्हणून तिथे हे लक्षात येत नाही. टर्बोकडची बाजू बंद करून पाइपात एक बारच्या आतच हवा भरावी आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे.

पलासियावाला
दुसऱ्या मिस्त्रीकडून तसे करवून घेतले. मॅपचा आकडा ९४ होता. इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) खालच्या रबरी पाइपाला, क्लिपच्या अगदी कडेला, खालच्या अंगाने फेस आला. वरून पाहिले तर पाइप धडधाकट दिसतो, बोटाने दाबला की चीर उघडते आणि भोवती तेलकट काळी धूळ चिकटलेली आहे. मग टर्बो बदलू नये ना? आणि तेल आले म्हणजे टर्बोचे सील गेले, असे पहिल्या गॅरेजवाल्याचे म्हणणे आहे.

माळवी_मिस्त्री
इंजिनाच्या ब्रीदरमधून (आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) थोडे तेल त्या पाइपात येतेच. तेलकट ओल म्हणजे सील गेले असे नव्हे. पाइप नवा टाकावा, चिकटपट्टी गुंडाळून नाशिकला निघू नये. क्लिपा सियागंजात मिळतील. पाइप काढलेलाच आहे तर इंटरकूलरमध्ये तेल साचले आहे का ते पाहावे आणि टर्बोचा दांडा बोटांनी हलवून पाहावा. आडवा किंचित हलला तर चालते, आत-बाहेर जाणवण्याइतका हलला किंवा टर्बोच्या चाकाची पाती बाहेरच्या कवचाला घासलेली दिसली तरच टर्बोचा विषय काढावा.

घाटवेडा
पाइप बदलूनही कोड आला तर ईजीआरकडेच यावे लागेल.

रामबागेतील_वाचक
ते खरे, पण कोड पुसून आधी मानपूरच्या रस्त्यावर एक फेरी मारावी आणि मागितलेल्या व मिळालेल्या बूस्टचे आकडे इथे टाकावेत. एअर फिल्टर शेवटचा कधी बदलला, हेही आपण अजून सांगितलेले नाही.